नार्व्याचा शिलालेख आणि त्याचे साक्षीदार

डिचोली तालुक्यात नार्व्याला सप्तकोटेश्वराच्या देवळाच्या दारावर एक छोटा संस्कृत लेख कोरलेला आहे. शके 1590, कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी या दिवशी शिवराजांकडून देवालयाचा प्रारंभ झाला, एवढेच तो सांगतो. राजे त्या दिवशी नार्व्यात हजर होते, असे दगड म्हणत नाही. शेकडो कोस दूर बसूनही राजा देऊळ बांधू शकतो. उत्सवातल्या भाषणांत मात्र ते पहिला चिरा हाती घेऊन उभे असतात. दगडाच्या पलीकडे जायचे तर दुसरे कागद पाहायला हवेत.

त्यासाठी एक वर्ष मागे, 1667 मध्ये जाऊ. पेडणे महाल तेव्हा पोर्तुगिजांचा नव्हता. तो त्यांच्याकडे गेला 1788 मध्ये, सावंतवाडीच्या खेम सावंतांशी झालेल्या तहाने. शापोरा नदीच्या उत्तरेला पेडणे, दक्षिणेला पोर्तुगिजांचे बार्देश. कुडाळचे लखम सावंत आणि पेडणे-डिचोली भागातले केशव नाईक व केशव प्रभू हे देसाई शिवाजीराजांच्या अमलाला कंटाळून बार्देशात जाऊन राहिले आणि तिथून मराठी मुलखात उपद्रव करू लागले. नोव्हेंबर 1667 मध्ये मराठी फौज बार्देशात घुसली ती मुख्यत: या देसायांच्या पाठीवर. फौजेने माणसे धरून नेली. डिसेंबरमध्ये तह झाला, धरलेले लोक सोडले गेले आणि देसायांना आवर घालण्याचे पोर्तुगिजांनी मान्य केले.

हे सारे पोर्तुगीज दप्तरातून कळते. पांडुरंग पिसुर्लेकरांनी ते कागद आयुष्यभर चाळले. पुणे विद्यापीठाने 1967 मध्ये प्रसिद्ध केलेला त्यांचा ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ आजही या विषयाचा पाया आहे. अर्थात पोर्तुगीज कारकून तटस्थ नव्हता. स्वतःच्या सरहद्दीत बंडखोर पोसले जात होते, हे तो फार ठळकपणे लिहिणार नाही. तरीही तहात देसायांचा विषय येतोच. ज्याला एखादी गोष्ट अडचणीची आहे त्याच्याच कागदात ती सापडली, तर मला ती अधिक वजनदार वाटते.

तिसरा साक्षीदार इंग्रज. त्यांच्या वखारींच्या पत्रव्यवहारातली हकीकत अशी की, 1668 च्या शरदात राजांनी चारपाचशे माणसे निरनिराळ्या मिषांनी गोव्यात घुसवली, व्हाइसरॉयला संशय आला आणि बेत फसला. मग राजांनी या बाजूच्या किल्ल्यांची पाहणी केली. वखारवाले ऐकीव बातमी लिहीत, म्हणून कटाचा तपशील मी सावधपणे घेतो. पण राजांचे लक्ष आणि हालचाल त्या हंगामात याच पट्ट्यात होती, इतके त्यातून निघते. म्हणजे हजेरी सिद्ध होत नाही, शक्य कोटीत येते.

आता तारखेचा घोळ. आपल्या पुस्तकांत या लेखाचा दिवस 13 नोव्हेंबर 1668 असा छापतात. तो जुन्या, ज्युलियन कॅलेंडरचा. इंग्रज तेव्हा तेच वापरत. गोव्यातले पोर्तुगीज मात्र 1583 पासून नव्या, ग्रेगोरियन कॅलेंडरने चालत आणि त्यांच्या हिशेबाने हाच दिवस 23 नोव्हेंबर होतो. व्हाइसरॉय कोंद द सांव्ह व्हिसेंत वारला 6 नोव्हेंबरला, पोर्तुगीज गणनेने. दोन्ही तारखा न तपासता शेजारी मांडल्या तर व्हाइसरॉय गेल्यावर आठवडाभरात देवळाचे काम निघाले असे दिसते. खरे अंतर सतरा दिवसांचे. दहा दिवसांच्या या फरकाने कट, मृत्यू आणि पायाभरणी यांची साखळी जुळवणाऱ्या कितीतरी गोष्टी सैल पडतात.

देवळाची जागाही बोलकी आहे. सप्तकोटेश्वर हे कदंब राजांचे आराध्य दैवत. त्यांच्या नाण्यांवर त्याचे नाव येते. मूळ देऊळ दिवाडी बेटावर होते. पोर्तुगिजांनी ते 1540 च्या सुमारास पाडल्यावर लिंग नदीपलीकडे नार्व्याला आणले गेले. म्हणजे 1668 मध्ये काम सुरू झाले ते पोर्तुगीज बेटासमोर, नुकताच तह झालेल्या शेजाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात. व्हाइसरॉय गेलेला, कारभार तीन गव्हर्नरांच्या मंडळाकडे. काम पुरे कधी झाले हे लेखात नाही. तो फक्त प्रारंभाचा आहे, म्हणून आज उभ्या असलेल्या घुमटाला आणि दीपस्तंभाला 1668 हे साल सरसकट चिकटवता येत नाही.