चारशे वर्षे पाणी घालणारे हात

एखाद्याची वाढ कुणी अडवली की आपण भाषणात पटकन म्हणतो, "त्याचा बोन्साय करून टाकला." शब्द जपानी, पण आता मराठीत चांगलाच मुरला आहे. ज्या कलेवरून तो आला तिचा इतिहास मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम एक गैरसमज दूर करू. बोन्साय ही झाडाची बुटकी जात आहे असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. रानात उंच वाढणाऱ्या झाडाचे जे बी, तेच कुंडीतल्याचे. उथळ कुंडी, मुळ्यांची आणि फांद्यांची छाटणी, तारेने दिलेले वळण, यांमुळे ते लहान राहते. मोकळ्या जमिनीत लावले तर तेच झाड पुन्हा वाढीला लागते. लहानपण बीजात नसते, ते कुंडीत असते, हे वाचकांनी पक्के ध्यानात ठेवावे.

ही कला मुळात चीनमधली. तिथे तिला पेनजिंग म्हणतात. झांगहुआई नावाच्या राजपुत्राच्या थडग्यात इ. स. 706 च्या सुमाराची भित्तिचित्रे सापडली आहेत. त्यांतल्या एका चित्रात तबकात मांडलेली छोटी झाडे आणि दगड हातात घेऊन सेवक उभा आहे. म्हणजे या कलेच्या जुन्यात जुन्या पुराव्यात राजपुत्राच्या जोडीला चाकरही आहे बरं का! पुढे चीन आणि जपान यांच्यात ये-जा करणारे राजदूत आणि बौद्ध भिक्खू यांच्याबरोबर ही आवड जपानात गेली. 1309 सालच्या एका जपानी चित्रगुंडाळीत कुंडीतली झाडे स्पष्ट दिसतात. 'बोन' म्हणजे उथळ भांडे आणि 'साई' म्हणजे लावणे, असा साधा अर्थ.

आता हे झाड जगते कसे ते पाहू. जपानात चार ऋतू ठळक असतात आणि प्रत्येक ऋतू माळ्याला वेगळे काम लावतो. वसंताच्या तोंडाशी, कोंब फुटण्याआधी, झाड कुंडीतून काढून वाढलेल्या मुळ्या छाटतात, माती बदलतात. लहान झाडाचे हे काम दर दोन-तीन वर्षांनी, म्हाताऱ्या झाडाचे त्याहून उशिरा. मग पालवी येते आणि वाजवीपेक्षा लांबलेले कोंब खुडावे लागतात. उन्हाळ्यात मातीचा तो एवढासा थर दुपारपर्यंत कोरडा पडतो, म्हणून दिवसातून दोन वेळा, कधी तीन वेळाही पाणी. एक दिवस विसरलात तर शंभर वर्षांची मेहनत वाया! शरदात मेपलची पाने लाल होतात, बघणाऱ्यांची गर्दी होते. माळी मात्र पाइनच्या जुन्या सुया एकेक करून उपटत बसलेला असतो. हिवाळ्यात पाने गळून सांगाडा उघडा पडतो. जाणकार म्हणतात, झाड पाहावे ते तेव्हाच. कारण वर्षभराची छाटणी बरी की वाईट, ते त्या वेळी लपत नाही. जपानी माळ्यांत म्हण आहे की नुसते पाणी घालायला शिकायलाच तीन वर्षे लागतात.

1 सप्टेंबर 1923 रोजी टोकियोत मोठा भूकंप झाला. शहर जळाले. झाडांसाठी मोकळी जागा आणि चांगले पाणी हवे म्हणून कित्येक माळी टोकियोच्या उत्तरेला ओमिया येथे गेले आणि 1925 पासून तिथे त्यांचे गावच वसले. 1928 च्या सुमारास त्यांनी रहिवाशांसाठी नियम केले. घरटी किमान दहा बोन्साय असावेत, घर दुमजली नसावे, कुंपण झाडाझुडपांचे असावे आणि बाग बघायला येणाऱ्या कुणालाही दार उघडे असावे. पूर्वी जी गोष्ट सरदार-श्रीमंतांच्या दालनात होती, तिचे दार माळ्यांनी असे सर्वांना उघडले. पुढे महायुद्धात बोन्साय ही चैन ठरली, माणसे सैन्यात गेली, कित्येक बागा मोडल्या. तरी ते गाव पुन्हा उभे राहिले. 2010 साली तिथे बोन्सायचे संग्रहालयही उघडले.

त्याच युद्धातली आणखी एक हकिगत. हिरोशिमात यामाकी नावाच्या माळी घराण्याकडे पाइनचे एक झाड होते, 1625 पासून कुंडीत वाढवलेले. 6 ऑगस्ट 1945 च्या सकाळी सव्वाआठला अणुबॉम्ब पडला. त्यांचे घर तिथून सुमारे दोन मैलांवर. घराच्या काचा फुटल्या, घरच्यांना जखमा झाल्या, पण उंच भिंतीच्या आडोशाला असलेले ते झाड वाचले. 1976 साली जपानने अमेरिकेला 53 बोन्साय भेट दिले, त्यांत मासारू यामाकी यांनी हे झाड दिले. ज्या देशाने बॉम्ब टाकला त्याच देशाला! आणि देताना त्याची कहाणी सांगत बसले नाहीत. 2001 साली त्यांचे नातू वॉशिंग्टनला झाड बघायला गेले, तेव्हा तिथल्या लोकांना ती कळली.

1625 च्या सुमारास ज्याने हे झाड कुंडीत धरले, त्याने त्याचे आजचे रूप पाहिले नाही. त्याच्यामागून आलेल्यांनीही आपल्या वाट्याची वर्षे पाणी घातले आणि झारी पुढच्याच्या हाती दिली.

म्हणून मित्रहो, "अमक्याचा बोन्साय केला" असे म्हणताना थोडे थांबावे. माळ्याने कात्री चालवली हे खरे, पण झारीही त्यानेच रोज उचलली, उन्हाळ्यात तर दोनदोनदा. माणसाची वाढ अडवणाऱ्यांनी झारी कधी हातात घेतली होती? पुढे कुठल्या प्रदर्शनात असे झाड दिसले तर त्याची उंची मोजू नका. बुंधा बघा, मातीवर पसरलेली मुळे बघा, आणि इतकी वर्षे ज्यांनी पाणी घातले त्यांची आठवण ठेवा.