एका गीताची कीर्ती : प्रारंभिक रॉक-पॉप संगीतातील ‘वन हिट वंडर’ आणि क्रमवारीचा इतिहास

१

वाङ्मयेतिहासात ‘एका कृतीचा लेखक’ ही कोटी आपल्या परिचयाची आहे. गाथासप्तशतीच्या टीकापरंपरेत कित्येक कवींची नावे केवळ एकेका गाथेपुरती उरली आहेत. त्यांनी आणखी काही रचले होते की नाही, हा प्रश्न रसिकाला पडत नाही आणि त्या एका गाथेमुळे कोणी त्यांना अपयशी ठरवत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकी लोकप्रिय संगीतात मात्र ‘वन हिट वंडर’ असा एक शब्दप्रयोग रूढ झाला आणि त्यात कौतुकापेक्षा उपहासाचा अंश अधिक राहिला. एकदाच गाजलेला, पुन्हा न गाजलेला, म्हणून मुळात योगायोगानेच गाजलेला, असा त्याचा ध्वन्यर्थ. प्रस्तुत निबंधात अशा कलावंतांना ‘एकगीतख्यात’ म्हटले आहे. ही कोटी कलावंताच्या प्रतिभेविषयी फारसे काही सांगत नाही. ती ज्या यंत्रणेने निर्माण केली त्या यंत्रणेविषयी, म्हणजे क्रमवारी, बाजारपेठ आणि कायदा यांविषयी, ती बरेच काही सांगते, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

२

प्रथम यंत्रणेचा विचार करू. १९४९ साली आरसीए व्हिक्टर कंपनीने मिनिटाला ४५ फेरे घेणारी लहान तबकडी बाजारात आणली. दोन बाजूंना एकेक गीत असलेली ही तबकडी स्वस्त, हलकी आणि न फुटणारी होती. तिच्यामुळे ‘एक गीत’ हेच विक्रीचे एकक झाले. त्याच सुमारास नाण्यावर चालणारे ज्यूकबॉक्स आणि मोजकी गीते वारंवार वाजविणारी ‘टॉप फॉर्टी’ पद्धतीची नभोवाणी केंद्रे यांचा प्रसार झाला. ‘बिलबोर्ड’ ह्या व्यापारी साप्ताहिकात दुकानांतील विक्री, नभोवाणीवरील वादन आणि ज्यूकबॉक्समधील वादन अशा निरनिराळ्या याद्या छापल्या जात. ४ ऑगस्ट १९५८ पासून ‘हॉट हंड्रेड’ ही एकत्रित यादी सुरू झाली. पुढे संकलकांनी ह्या याद्यांवरून इतिहास लिहिला, तेव्हा पहिल्या चाळीस क्रमांकांत एकदाच येणे ही एकगीतख्याततेची सर्वमान्य कसोटी ठरली. ब्रिटनमध्ये कसोटी अधिक कडक आहे. तेथे एकदा पहिल्या क्रमांकावर येऊन पुन्हा यादीत न दिसणे अशी अट घातली जाते.

ही कसोटी काटेकोरपणे लावली की विलक्षण निष्कर्ष हाती येतात. जिमी हेन्ड्रिक्स ह्या श्रेष्ठ गिटारवादकाचे एकच गीत अमेरिकेतील पहिल्या चाळिसांत आले, तेही १९६८ साली आणि विसाव्या क्रमांकापर्यंतच. १९५६ साली ‘ब्लू स्वेड शूज’ गाणारे कार्ल पर्किन्स यांचेही तसेच. पुढे बीटल्सनी त्यांची तीन गीते ध्वनिमुद्रित केली, एका पिढीने त्यांच्या गिटारवादनाचे धडे गिरवले. तरी क्रमवारीच्या हिशेबात ते एकगीतख्यातच राहतात. यादी विक्री आणि वादन मोजते, प्रभाव मोजत नाही. हा भेद वाङ्मयाच्या अभ्यासकाला नवा नाही. परंतु संगीताच्या लोकप्रिय इतिहासात तो वारंवार पुसला गेला आहे.

३

यादीचा दुसरा गुणधर्म असा की, ती वर्णभेदाच्या चौकटीत तयार झाली होती. कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठीच्या संगीताची यादी बिलबोर्डमध्ये स्वतंत्र असे. १९४९ साली तिला ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ हे नाव मिळाले. ‘पॉप’ ही यादी व्यवहारात गौरवर्णीय बाजारपेठेची होती. एका यादीतून दुसरीत प्रवेश मिळविणे म्हणजे सीमा ओलांडणे होते, आणि तसा प्रवेश अनेक गायकवृंदांना एकदाच मिळाला.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील ‘द कॉर्ड्स’ ह्या कृष्णवर्णीय वृंदाचे ‘शबूम’ हे १९५४ सालचे गीत ह्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. अटलांटिक कंपनीच्या ‘कॅट’ ह्या उपशाखेने काढलेल्या तबकडीच्या दुय्यम बाजूवर ते होते; मुख्य बाजूवर पॅटी पेज यांच्या एका लोकप्रिय गीताचे अनुकरण होते. श्रोत्यांनी तबकडी उलटवली आणि ‘शबूम’ पॉप यादीच्या पहिल्या दहांत पोचले. परंतु काही आठवड्यांतच कॅनडातील ‘क्रू-कट्स’ ह्या गौरवर्णीय वृंदाने मर्क्युरी कंपनीसाठी तेच गीत गाऊन ते सर्वोच्च स्थानी नेले. ‘कॉर्ड्स’ नावाचा दुसरा एक वृंद आधीच अस्तित्वात असल्याने मूळ गायकांना आपले नावही बदलावे लागले. ज्या नावाने श्रोत्यांनी त्यांना ओळखले होते, ते नावच त्यांच्याकडून गेले.

त्याच वर्षी लॉस एंजेलिस येथील ‘द पेंग्विन्स’ ह्या वृंदाने एका गॅरेजमध्ये ‘अर्थ एंजल’ हे गीत ध्वनिमुद्रित केले. डूटोन ह्या लहान कंपनीने तेही दुय्यम बाजूचे गीत म्हणूनच काढले होते. ते ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिले आले, पॉप यादीत आठवे. १९५५ मध्ये क्रू-कट्सनी ह्याही गीताची आवृत्ती काढली आणि ती तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. पुढे व्यवस्थापक बक रॅम यांनी पेंग्विन्सना मर्क्युरी कंपनीकडे नेताना, आपला दुसरा वृंद ‘द प्लॅटर्स’ हाही घेतला पाहिजे अशी अट घातली. कंपनीला हवे होते पेंग्विन्स. कीर्ती मिळाली प्लॅटर्सना. दरम्यान ‘अर्थ एंजल’च्या कर्तृत्वाचा वाद न्यायालयात गेला. आज त्या गीताचे श्रेय कर्टिस विल्यम्स, जेसी बेल्विन आणि गेनेल हॉज ह्या तिघांना दिले जाते. किशोरवयीन गायक एकमेकांच्या चाली आणि ओळी घेत, वाढवीत, पुन्हा गात. अशा सामूहिक निर्मितीतून आलेल्या रचनेला कायद्याच्या कागदावर मात्र मोजकेच धनी असावे लागतात. मौखिक परंपरेच्या अभ्यासकांना ह्या पेचाचे स्वरूप वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

४

कायद्याचा प्रश्न येथे केंद्रस्थानी येतो. अमेरिकी कायद्यानुसार गीतरचना आणि ध्वनिमुद्रण ह्या दोन स्वतंत्र मालमत्ता आहेत. दुसऱ्याने तेच गीत गायिल्यास रचनाकाराला स्वामित्वधन मिळते. आधीच्या गायकाला त्यातून काही मिळत नाही. ध्वनिमुद्रणाला तर १५ फेब्रुवारी १९७२ पर्यंत संघराज्यीय स्वामित्वहक्काचे संरक्षणच नव्हते. त्यापूर्वीच्या ध्वनिमुद्रणांना संघराज्यीय कायद्याची छाया मिळाली ती थेट २०१८ साली. पारंपरिक नभोवाणीवरील वादनापोटी गायकाला मोबदला देण्याचे बंधन तेथे अद्यापही नाही. ज्याचे एकच गीत अर्धशतकभर नभोवाणीवर वाजत राहते, त्या गायकाच्या दृष्टीने ह्या तरतुदीचा अर्थ काय, हे उघड आहे. अनेक गीते गाजलेला गायक सभागृहे भरवून उपजीविका करू शकतो. एकगीतख्याताला तो मार्गही अरुंद असतो.

बाजारपेठेची दुसरी एक करामत १९६० सालच्या ‘अ‍ॅली ऊप’ ह्या गीतात दिसते. डॅलस फ्रेझियर यांचे हे गीत गॅरी पॅक्स्टन यांनी गायिले. परंतु दुसऱ्या कंपनीशी करार असल्याने त्यांना स्वतःचे नाव वापरता येईना. तेव्हा ध्वनिमुद्रणगृहाजवळच्या हॉलिवूड बुलेव्हार्ड आणि आर्गाइल ह्या दोन रस्त्यांवरून ‘हॉलिवूड आर्गाइल्स’ असे वृंदाचे नाव रचण्यात आले. गीत पहिल्या क्रमांकावर पोचले तेव्हा असा कायमस्वरूपी वृंद अस्तित्वात नव्हता. ज्याला आपण एकगीतख्यात कलावंत म्हणतो, तो येथे कराराच्या अडचणीतून जन्मलेले एक नाव मात्र आहे. कर्ता आधी आणि कृती नंतर, हा आपला नित्याचा क्रम येथे उलटा झालेला दिसतो.

५

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांना १९६३ हे वर्ष विशेष उद्बोधक वाटावे. त्या वर्षी इंग्रजीखेरीज दोन भाषांतील गीते हॉट हंड्रेडमध्ये पहिली आली आणि दोन्ही गायकांवर अमेरिकेत एकगीतख्याततेचा शिक्का बसला.

जूनमध्ये क्यू साकामोतो यांचे जपानी गीत तीन आठवडे पहिले होते. मूळ शीर्षकाचा अर्थ ‘वर पाहत चालू या’ असा. डोळ्यांतले पाणी गळू नये म्हणून मान वर ठेवणाऱ्या माणसाचे ते गीत. रोकुसुके एई यांनी ते लिहिले त्यामागे १९६० सालच्या अमेरिका-जपान सुरक्षा कराराविरुद्धच्या चळवळीच्या अपयशाची खंत होती. हाचिदाई नाकामुरा यांच्या चालीवर ते १९६१ मध्ये जपानमध्ये गाजले. ब्रिटिश कंपनीने त्याला ‘सुकियाकी’ हे एका मांसाहारी पदार्थाचे नाव दिले. गीताशी त्याचा काडीचा संबंध नाही. पाश्चात्त्य ग्राहकाला उच्चारता यावे एवढेच त्याचे प्रयोजन. अमेरिकी धोरणावरच्या विषादातून आलेले गीत अमेरिकेतच पहिले यावे आणि तो विषाद त्याच्या नावातूनच नाहीसा व्हावा, ही भाषांतराच्या इतिहासातील एक मार्मिक घटना होय. जपानमध्ये साकामोतो यांची अनेक गीते लोकप्रिय झाली. ‘एक गीत’ ही त्यांची मर्यादा नव्हती, ऐकणाऱ्या बाजारपेठेची होती. १२ ऑगस्ट १९८५ रोजी जपान एअरलाइन्सच्या विमान अपघातात मृत्यू पावलेल्या ५२० जणांत तेही होते.

डिसेंबरमध्ये बेल्जियमच्या डोमिनिकन संघातील झान डेकर्स यांचे ‘डोमिनिक’ हे फ्रेंच गीत चार आठवडे पहिले राहिले. संत डोमिनिकचे हे साधे स्तुतिगीत. उत्पन्नातील त्यांचा वाटा मठाकडे गेला. १९६६ साली त्या मठाबाहेर पडल्या, तेव्हा ज्या टोपणनावाने जग त्यांना ओळखत होते ते वापरण्याचा हक्कही त्यांना नव्हता. पुढे बेल्जियमच्या कर खात्याने त्या उत्पन्नावरील कराची मागणी त्यांच्याकडेच केली. २९ मार्च १९८५ रोजी त्यांनी आपल्या सहचारिणीसह जीवनाचा अंत केला. गीत त्यांचे, नाव दुसऱ्याचे, पैसा तिसऱ्याचा आणि कर मात्र त्यांचा, अशी ही विभागणी होती. तिला ‘पुन्हा न जमलेला चमत्कार’ म्हणणे हे इतिहासलेखन नव्हे.

६

वरील उदाहरणांवरून काही गोष्टी स्पष्ट होतात. एकगीतख्यातता ही निरनिराळ्या कारणांनी घडते : कोठे सीमा ओलांडण्याची संधी एकदाच मिळते, कोठे नाव हिरावले जाते, कोठे कलावंत हा मुळात कागदावरच असतो, तर कोठे परभाषेतील समृद्ध कर्तृत्वाचा एकच तुकडा दुसऱ्या भाषेत पोचतो. ह्या भिन्न घटनांना एकच नाव दिल्याने त्यांची कारणे दृष्टीआड होतात. अर्थात, निव्वळ योगायोगाची उदाहरणे नाहीतच, असे नाही. १९६९ च्या उन्हाळ्यात, मानवाने चंद्रावर पाऊल ठेवले त्या दिवसांत, झेगर आणि इव्हान्स ह्या नेब्रास्कातील जोडीचे यंत्रयुगाच्या अंतिम परिणतीविषयीचे गीत अमेरिकेत सहा आठवडे पहिले होते. ते ब्रिटनमध्येही पहिले आले. त्यानंतर दोन्ही देशांच्या याद्यांत त्यांचे एकही गीत आले नाही. येथे काळाचा मेळ जुळला आणि सुटला, असेच म्हणावे लागते. परंतु ह्या अपवादावरून सर्वांचा न्याय करता येत नाही.

गाथासप्तशतीच्या संकलकाने निवड केली आणि निवडलेले जपले. न निवडलेल्याचा हिशेब त्याने कोणाच्या नावावर मांडला नाही. क्रमवारी मात्र निवडीबरोबर अनुपस्थितीचीही नोंद करते आणि ती अनुपस्थिती कलावंताच्या नावावर टाकते. भाषांतरित संचयांत एकेका कवितेनिशी येणाऱ्या परभाषिक कवींना आपण ‘गौण’ म्हणतो, तेव्हा आपणही अशाच एखाद्या यादीचे वाचन करीत असतो. ती यादी कोणी, कोठे बसून आणि कोणत्या भाषेत केली, हा प्रश्न त्यापूर्वी विचारला जावा, एवढीच ह्या विवेचनामागील अपेक्षा आहे.