परत आलेला डबा

एक काळ असा होता कीं, अहमदनगर जिल्ह्यांतील एखाद्या तालुक्याच्या गांवीं खेड्याकडची सकाळची एस्. टी. येऊन थांबली म्हणजे उतारूंच्या बरोबरीनें डबेहि उतरत. पितळेचे, जर्मनचे, पुढें स्टीलचे. फडक्यांत घट्ट बांधलेले, झांकणावर नांव कोरलेले. खोली घेऊन शिकणारीं किंवा वसतिगृहांत राहणारीं मुलें आपापला डबा ओळखून उचलीत आणि परतीच्या गाडीनें रिकामा डबा गांवीं धाडीत. आई तो हातांत घेई तेव्हां आधीं त्याचें वजन पाही. हलका असला तर बरें. जड असला तर मुलगा आजारी आहे, रुसला आहे, कीं भाजीच आवडली नाहीं, याचा विचार तिला रात्रभर पुरे.

घरापासून दूर राहणाऱ्या मुलाच्या अन्नाचा प्रश्न या महाराष्ट्रांत जुना आहे. त्यांतच मुलगा तेरा-चौदा वर्षांचा, चाखण्यापूर्वींच नाक मुरडणारा, आणि शिवाय ज्याला दूध सोसत नाहीं असा असला, म्हणजे प्रश्न अधिकच बिकट होतो. दूध न सोसणें हें आधुनिक काळाचें खूळ आहे, असें कित्येकांना वाटतें. परंतु विद्यार्थ्याच्या ताटाचा इतिहास पाहिला तर निराळेंच चित्र दिसतें.

पूर्वीं गरीब विद्यार्थ्याला माधुकरी मागावी लागे, किंवा आठवड्याचे सात वार सात घरीं लावून घ्यावे लागत. या रीतीनें कित्येक पिढ्या शिकल्या, हें तिचें ऋण नाकारतां येत नाहीं. पण जेवणाऱ्याच्या आवडीनिवडीला तींत जागा नव्हती. सोमवारच्या घरीं जें पानांत पडेल तें, आणि मंगळवारच्या घरीं जें उरलें असेल तें. शेवटचा ताकभात पोटाला बाधतो, हें सांगण्याची सोय त्या मुलाला कोठून असणार? दुसरी उणीव याहून मोठी होती. हीं दारें मुख्यतः ब्राह्मण मुलापुरतींच उघडीं होतीं. कुणब्याच्या, माळ्याच्या, धनगराच्या मुलाला असे वार मिळत नसत. अस्पृश्य मानलेल्या जातींतील मुलाला तर अंगणांतहि पाऊल टाकतां येत नसे. शाळा सर्वांना खुली झाली तरी दुपारचें जेवण सर्वांना खुलें झालें नव्हतें, आणि जेवणावांचून शाळा व्यर्थ होती.

नगर शहरांत या कोंडीला पहिला छेद परकीयांनीं दिला. अमेरिकन मराठी मिशनचें काम तेथें १८३१ मध्यें सुरू झालें. सिंथिया फरार या बाई १८३९ पासून १८६२ मध्यें मृत्यु येईपर्यंत नगरांत मुलींच्या शिक्षणाचें कार्य करीत राहिल्या. त्यांची शाळा जोतीराव फुले यांनीं पाहिली आणि १८४८ मध्यें पुण्यांत मुलींची शाळा काढली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पुढें १८९९-१९०० चा छप्पनचा दुष्काळ पडला, तेव्हां पोरक्या झालेल्या कित्येक मुलांना मिशनच्या आश्रयाला यावें लागलें. अशा वेळीं वसतिगृह म्हणजे आधीं स्वयंपाकघर आणि मग शाळा, हें उघड झालें.

हाच धडा कोल्हापूर व सातारा येथें स्वदेशीय हातांनीं गिरविला गेला. राजर्षि शाहू छत्रपतींनीं १९०१ पासून कोल्हापुरांत विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृहें उभीं केलीं. भाऊराव पाटील यांनीं १९१९ मध्यें काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्यें साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठीं बोर्डिंग काढलें. तेथें एकाच चुलीवरचें अन्न एकाच पंक्तींत वाढलें जाई. घरोघरच्या बायका दळणाच्या वेळीं मूठभर धान्य बाजूला काढीत आणि त्या मुष्टिफंडावर मुलें जेवत. धान्य संपलें तेव्हां भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरचे दागिने विकले. अखेर मंगळसूत्रहि त्याच कामीं आलें. रयतच्या शाळा पुढें नगर जिल्ह्यांतहि ठिकठिकाणीं पसरल्या आणि त्यांच्यामागोमाग तो एका पंक्तीचा विचारहि आला.

या सामायिक भांड्यांत काय असे? भाकरी, आमटी, कधीं कांदा, कधीं पालेभाजी. दूधदुभतें नसे. त्यामागें कोणतेंहि तत्त्वज्ञान नव्हतें; गरिबांच्या वसतिगृहाला तें परवडतच नसे. त्या काळच्या अर्धपोटीं दिवसांचें कौतुक करण्याचें कारण नाहीं. मात्र एवढें खरें कीं, दुधावांचून जेवणारा विद्यार्थी हा या प्रदेशांत अपवाद नव्हता, तोच नियम होता. त्या पंक्तीनें समता दिली. परंतु एकाच भांड्यांतून दोनशें मुलांना वाढणाऱ्या आचाऱ्याला एकाची अरुचि लक्षांत ठेवतां येत नाहीं. माधुकरींत मुलाला बोलण्याचा अधिकार नव्हता. येथें अधिकार होता, पण उपाय नव्हता.

तो उपाय तिसऱ्या व्यवस्थेनें आणला. १९४७ मध्यें नगरास अहमदनगर कॉलेज निघालें. पुढच्याच वर्षीं, १ जून १९४८ रोजीं, राज्य परिवहनाची पहिली गाडी पुणें आणि नगर या दोन गांवांच्या दरम्यान धांवली. विद्या आणि वाहन यांची ही जोडी या जिल्ह्याला लाभली. १९६० मध्यें श्रीरामपुरास आणि १९६१ मध्यें संगमनेरास कॉलेज निघालें. खेड्यांतील मुलगा तालुक्याच्या गांवीं राहूं लागला आणि त्याच्या आईची चूल एस्. टी.च्या रस्त्यानें त्याच्या खोलीपर्यंत पोंचली. भाजी कोणाला कोणती आवडते, हें त्या चुलीला ठाऊक होतें.

या डब्यांतहि दूध क्वचितच असे, आणि त्याचें कारण अगदीं साधें आहे. नगरचें ऊन, खडखडणारी गाडी आणि तीन-चार तासांचा अवधि यांत दूध नासतें, दहीं आंबतें, ताक फडक्यांतून गळतें. म्हणून डब्यांत टिकेल तेंच जाई: ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, कोरडा झुणका, शेंगदाण्याची, कारळ्याची किंवा जवसाची चटणी, मिरचीचा ठेचा, परतलेली मेथी. याला अपवाद दशमीचा. दशमीचें पीठ दुधांत भिजवितात. दुधांत भिजविलेलें अन्न ओवळें होत नाहीं, अशी समजूत असल्यामुळें प्रवासाच्या शिदोरींत दशमीला मान होता. ज्या मुलाला दूध बाधतें त्याच्या आईनें ही गोष्ट विशेष लक्षांत ठेवावी. दूध पेल्यांतूनच येतें असें नाहीं. तें दशमींतून येतें, साजूक तुपाच्या मोहनांतून येतें, खव्याच्या पेढ्यांतून, भाजींत घातलेल्या सायींतून आणि दुकानच्या बिस्किटांतूनहि येतें.

पुढें या कथेला एक विलक्षण वळण मिळालें. १९७० मध्यें देशांत दुग्धविकासाची महापूर योजना सुरू झाली, संकरित गाई आल्या, सहकारी दूध संघ वाढले, आणि अवर्षणाचा म्हणून ओळखला जाणारा हा जिल्हा महाराष्ट्रांतील अग्रगण्य दूध-उत्पादक जिल्ह्यांत जाऊन बसला. पहांटे एकाच घरांतून दोन भांडीं बाहेर पडूं लागलीं. दुधाची किटली संघाकडे जाई आणि डबा मोटारीच्या थांब्याकडे. दुधाच्या पैशांतून मुलाची फी भरली जाई आणि डब्यांत मात्र चटणी-भाकरीच असे.

आतां दूध न सोसण्याविषयीं. दुधांतील साखर पचविणारा पाचकरस लहान बालकांत भरपूर असतो. वय वाढतें तसा तो जगांतील बहुसंख्य माणसांत उणावतो, आणि हिंदुस्थानांतहि असे लोक फार आहेत. म्हणून पांचव्या वर्षीं आनंदानें दूध पिणारा मुलगा चौदाव्या वर्षीं पोट फुगल्याची तक्रार करूं लागला, तर तें ढोंग समजूं नये. अशा मुलाला थोडें दहीं किंवा ताक कदाचित् चालतें. दुसरा प्रकार याहून वेगळा व अधिक गंभीर आहे. कित्येकांच्या शरीराला दुधांतील प्रथिनेंच वैरी होतात. त्यांना अंगावर पित्त उठतें, श्वासहि कोंडतो. त्यांना दहीं, ताक, खवा कांहींच चालत नाहीं, आणि तुपांतहि प्रथिनांचा अंश राहूं शकतो. यांपैकीं आपल्या मुलाचा प्रकार कोणता, हें डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावें आणि वसतिगृहाच्या अधिकाऱ्यांना लेखी कळवावें.

दूध वगळलें म्हणजे हाडांना चुना कोठून मिळणार, ही आईची भीति योग्य आहे. वाढत्या वयांत दिवसाला सुमारें एक हजार मिलिग्रॅम चुना लागतो. शंभर ग्रॅम गाईच्या दुधांत तो सुमारें १२० मिलिग्रॅम असतो; तितक्याच नाचणींत साडेतीनशेंच्या आसपास, आणि तिळांत हजाराहून अधिक. हा सगळाच अंगीं लागतो असें नाहीं. परंतु नाचणी मोडवून दळली आणि तीळ भाजून कुटले म्हणजे अधिक उपयोग होतो. नाचणीसाठीं दूर जाण्याचेंहि कारण नाहीं. अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागांत, कळसूबाईच्या आसपास, ती पिकते. त्याच तालुक्यांतील कोंभाळणे गांवच्या राहीबाई पोपेरे यांनीं वालादि पिकांचें गांवठी बियाणें जतन केलें, आणि त्याबद्दल त्यांना २०२० सालीं पद्मश्री मिळाली. घरच्या धान्याला हा मान मिळाल्यावर तरी त्याला गरिबाचें अन्न म्हणून हिणवूं नये. ब-१२ हें जीवनसत्त्व मात्र धान्यांत मिळत नाहीं. मुलगा अंडीं, मासे खात असेल तर चिंता कमी. नसेल तर वैद्यकीय सल्ला घ्यावा.

राहिला चोखंदळपणा. त्यावर या जिल्ह्याच्या स्वयंपाकघरांत उत्तम उपाय आहे, तो म्हणजे मासवडी. नांवांत मास असलें तरी ती निव्वळ शाकाहारी. डाळीच्या पिठाचा घट्ट घाटा फडक्यावर थापावा, आंत भाजलेले तीळ, सुकें खोबरें, कांदा, लसूण व कोथिंबीर यांचें सारण भरावें, गुंडाळी करून वड्या कापाव्या. दुधाचा थेंबहि न लागतां डाळ आणि तीळ एकत्र पोटांत जातात. रस्सा वेगळ्या डबींत द्यावा, म्हणजे वड्या भिजत नाहींत. अळणी भाजीला तोंड वेंगाडणारीं मुलें हुलग्याच्या झणझणीत शेंगोळ्यांवर तुटून पडतात. तिखटामिठाची नाचणीची पुरी, तेलाचें मोहन घातलेली गुळपोळी, शेंगदाण्याची चिक्की हे पदार्थ आठवडाभर राहतात. परंतु सर्व जिन्नस एकदम भरूं नयेत. दोन ओळखीचे द्यावेत, एक नवा द्यावा, आणि नवा पदार्थ परत आला तर रागावूं नये. मुलाला आधीं विचारावें. ज्याच्या निवडींत त्याचा शब्द असतो, तो डबा सहसा जड होऊन परत येत नाहीं.

तरीहि डब्याचें शेवटचें यश पंक्तींत ठरतें. त्या वयाच्या मुलाला उपासापेक्षां वेगळेपण अधिक जाचतें. सगळे दुधाचा पेला घेत असतांना आपण एकट्यानें नाहीं म्हणावयाचें, हें त्याला अवघड जातें; मग तो मुकाट्यानें पितो आणि रात्रीं पोट धरून बसतो. म्हणून चार वड्या मित्रांसाठीं अधिक द्याव्यात. आपल्या डब्याकडे चार हात येतात हें दिसलें म्हणजे त्याला त्या डब्याची लाज वाटत नाहीं. वसतिगृहांच्या चालकांनींहि हें ओळखावें. साताऱ्याच्या बोर्डिंगानें सर्व मुलांना एका पंक्तीला बसविलें, एस्. टी.च्या डब्यानें एकेका मुलाची आवड जपली. पंक्ति एक असावी आणि तींत एखाद्याचें पान वेगळें असलें तरी कोणी कां म्हणून विचारूं नये, हें आतां करण्यासारखें आहे.

२०२४ मध्यें जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें. वसतिगृहांतून खानावळी आल्या, आणि एस्. टी.नें येणारे डबे पूर्वींच्या मानानें फार उणावले. पण रविवारीं भेटीस आलेली आई अजूनहि मागच्या खेपेचा डबा परत मागते, आणि मुलाशीं बोलतां बोलतां तो हातांत तोलून पाहते.