देहाचा जमाखर्च

सरकारी हिशेबात आवकजावक जुळली की फाईल मिटते. देहाचा हिशेबही असाच सुटसुटीत असावा, अशी आमची समजूत होती. म्हणूनच आमचे एक स्नेही निम्मे जेवूनही स्थूलच राहिले, तेव्हा "चोरून खात असाल!" असे म्हणून कचेरीतील थट्टेत आम्हीही सामील झालो. ते शब्द आज आम्हांस बोचतात. कारण इतिहासाची साक्ष त्यांच्या बाजूची आहे.

या हिशेबाची पहिली वही पादुआच्या सांतोरिओने मांडली. तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून तो आपले वजन पाही, खाल्लेले अन्न आणि उत्सर्जितही तोली. 1614 साली त्याचे निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. पुढे 1780 नंतरच्या दशकात श्वसन म्हणजे संथ ज्वलनच होय, असे लाव्हॉझिएने दाखविले. हा शास्त्रज्ञ करवसुलीच्या मक्त्यातील भागीदार होता, आणि 1794 मध्ये त्याचा शिरच्छेद झाला तोही त्याच नात्याने. जमाखर्चाची त्याची दृष्टी खोटी नव्हती. देहाच्या खर्चाची बाजू स्थिर असते, हे आपले गृहीत मात्र चुकीचे होते.

ते कसे, हे महायुद्धाच्या अखेरीस दिसून आले. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी युद्धास नैतिक विरोध असलेल्या 36 निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, 1945 साली 24 आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. परंतु विश्रांतीच्या वेळचा देहाचा खर्च त्याहूनही अधिक, सुमारे 40 टक्क्यांनी उतरला. नाडी मंदावली, उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली, आणि रात्रंदिवस अन्नाचाच ध्यास लागला. उत्पन्न आटताच देहाने काटकसर आरंभिली होती. ते तरुण मूळचे सडपातळ होते. पण स्थूल माणसांचेही वजन दहा टक्के घटल्यावर खर्च अपेक्षेहून अधिक उतरतो, असे न्यूयॉर्कमधील प्रयोगांनी 1995 मध्ये दाखविले.

मनाच्या ताणाचा अध्याय निराळा. मॉन्ट्रिअलच्या हान्स सेल्ये यांनी 1936 साली दाखविले की, थंडी, जखम, अतिश्रम असे आघात कितीही भिन्न असले तरी उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथी सारख्याच फुगतात. त्या ग्रंथींतून स्रवणारे कॉर्टिसॉल दीर्घकाळ वाढलेले राहिले, तर भूक चाळवते आणि चरबी पोटाभोवती साठू लागते. ताणाने झोप उडाली, तर भूक आणखीच वाढते. सर्वांचेच असे होते असे नाही. काहीजण चिंतेने वाळतातही.

बदलीचा हुकूम, परमुलूख, दूर राहिलेली मुले आणि वृद्ध आईची पत्रे हे सारे त्या स्नेह्यांच्या वाट्यास एकाच वर्षी आले होते. आम्ही त्यांचे ताट तेवढे पाहिले. हे टिपण आम्ही प्रथम त्यांनाच धाडले आहे.