हिंदूरावची टेकडी आणि बर्फातले कपडे

दिल्लीत पोस्टिंग झालेल्या मराठी माणसाच्या कानावर 'हिंदूराव' हे नाव पहिल्यांदा पडतं ते हॉस्पिटलचं म्हणून. हे हिंदूराव आपलेच. कागलच्या घाटगे घराण्यातले, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे बंधू. उत्तर रिजवरचा हा बंगला विल्यम फ्रेझर या कंपनीच्या अधिकाऱ्याचा होता. १८३५ मध्ये फ्रेझरचा खून झाला आणि पुढे बंगला हिंदूरावांकडे आला.

इथून काश्मिरी गेटचा बस अड्डा फार लांब नाही. डिसेंबर-जानेवारीत पुण्या-मुंबईची पोरं तिथून मनालीकडे निघतात आणि जाता जाता विचारतात, "सर, स्नो-शू घालून बर्फात चालायला जातोय, सोबत काय घेऊ?" यादी देता येते. पण एखादी वस्तू यादीत का आली हे माहीत नसलं, तर ती सॅकच्या तळाशीच पडून राहते. म्हणून आज यादीचा इतिहास सांगतो.

सुरुवात याच टेकडीपासून. ८ जून १८५७ ला इंग्रजी फौजेने रिज घेतली आणि मेजर चार्ल्स रीडच्या गुरख्यांनी हिंदूरावांचा बंगला सप्टेंबरपर्यंत धरून ठेवला. समोर शहरात बंड केलेले आपले शिपाई होते. ऐन उन्हाळा. गोळीबरोबरच कॉलरा आणि उष्माघातही माणसं नेत होते. गोऱ्या पलटणींचा मानाचा पोशाख म्हणजे लाल लोकरी कोट. तो बाजूला ठेवून अनेकांनी पांढरे सुती कपडे मातकट रंगात बुडवले. सरहद्दीवरच्या गाइड्स पलटणीची ही खाकी पुढे साऱ्या फौजेची झाली. कपडा हवामान बघून ठरवायचा, मान बघून नाही, हे इथे कळलं.

बर्फात हीच गोष्ट कळायला जास्त किंमत पडली. दिल्लीच्या पंधरा वर्षं आधी, ६ जानेवारी १८४२ ला, काबूलहून इंग्रजांची फौज माघारी निघाली. सुमारे साडेचार हजार सैनिक, त्यांत बहुसंख्य हिंदुस्थानी शिपाई, आणि मागे बारा हजार बाजारबुणगे. एल्ड्रेड पॉटिंजर या अधिकाऱ्याने सुचवलं होतं, की घोड्यांच्या जुन्या झुली फाडून त्यांच्या पट्ट्या अफगाणांसारख्या शिपायांच्या पायांना गुंडाळा. कुणी ऐकलं नाही. कडक चामड्याच्या जोड्यांत पाय पहिल्याच रात्री गोठले. ज्याला चालता येत नव्हतं, तो तिथेच राहिला. पुढे याच पट्टीला इंग्रजीत 'पुट्टी' म्हणू लागले. आज बुटावरून पोटरीपर्यंत चढवतो ते गेटर म्हणजे तीच पट्टी. बुटात बर्फ शिरू द्यायचा नाही, एवढंच तिचं काम. स्नो-शू सुपासारखा रुंद असल्यामुळे वजन पसरतं आणि माणूस गुडघाभर रुतत नाही. पण त्याच्यावरून उडालेला भुगा पायावर येतोच. गेटर विसरू नका.

१९१४ च्या शरदात लाहोर आणि मीरत डिव्हिजन फ्रान्सला पोचल्या त्या पातळ खाकीत. फ्लँडर्सच्या थंड चिखलात उभं राहून पाय सुजायचे, काळे पडायचे. त्यावर त्या युद्धात नियम बसला: रोज बूट काढा, पाय पुसा, तेल चोळा, सुके मोजे घाला आणि जोडीदाराचे पाय तपासा. आमचा 'बडी' आजही हेच करतो. तुम्ही दोन जोड लोकरी मोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत सुके ठेवा. बूट आत बोटं हलतील इतका सैल हवा. तीन मोजे कोंबून घट्ट केलेल्या बुटात रक्त फिरत नाही, पाय उलट लवकर गारठतो.

मग १९६२. नामका चूच्या खोऱ्यात ब्रिगेडियर जॉन दळवींच्या सातव्या ब्रिगेडचे जवान सुती गणवेश, कॅनव्हासचे बूट आणि एखाद-दुसऱ्या कांबळीवर उभे होते. २० ऑक्टोबरला हल्ला झाला. त्याआधीच थंडी आणि विरळ हवेने माणसं आजारी पडत होती. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. देशभर बायका जवानांसाठी स्वेटर विणायला बसल्या. त्या लोकरीत माया होती, पण ती नामका चूच्या जवानांपर्यंत पोचायची वेळ निघून गेली होती. सुती कपडा घाम पितो आणि वाळत नाही. म्हणून अंगालगत लोकर किंवा सिंथेटिक, त्यावर फ्लीस, सर्वांत वर वारा अडवणारं जाकीट. जीन्स घरी ठेवा. निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. चढावर घाम येण्याआधी एक थर काढा, थांबलात की लगेच चढवा.

१३ एप्रिल १९८४ ला कॅप्टन संजय कुलकर्णी ४ कुमाऊँच्या तुकडीसह बिलाफोंड ला खिंडीवर हेलिकॉप्टरने उतरले. परदेशातून मागवलेले खास कपडे आदल्याच दिवशी पोचले होते. ते नसते तर सियाचीनची मोहीम त्या दिवशी झाली नसती. हा धडा एकदा शिकून संपत नाही. २०२० मध्ये संसदेत मांडलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात उंचावरच्या जवानांसाठी स्नो गॉगल आणि बुटांची टंचाई नोंदलेली आहे. गॉगल ही चैन नाही. ढगाळ दिवशीही बर्फावरचा उजेड डोळे भाजतो, आणि ते संध्याकाळी कळतं.

उरलेलं थोडक्यात. हातमोजे दोन जोड, मनगटाला दोरीने बांधलेले. पाण्याची बाटली उलटी ठेवा, म्हणजे बर्फ बुडाशी धरेल, तोंडाशी नाही. फोन आतल्या खिशात, नाहीतर बॅटरी बसते. बोट पांढरं, बधिर पडलं तर चोळू नका, बर्फ तर मुळीच लावू नका. काखेत धरा आणि खाली उतरा. बूट आणि स्नो-शू मनालीत भाड्याने मिळतात. मोजे आणि आतले कपडे घरूनच न्या.

बूट ओले झाले आणि सुके मोजे संपले, तर परत फिरा. नामका चूवरच्या जवानांना परत फिरायचा हुकूम नव्हता. तुम्हाला कुणी अडवलेलं नाही.