दुसऱ्याच्या चुलीपाशी

१९४६ च्या एप्रिलअखेर उत्तर जर्मनीतील ब्रेमरहाफेन बंदराला एक अमेरिकन लष्करी जहाज लागले. त्यातून उतरल्या त्या सैनिकांच्या बायका आणि त्यांची मुले. युरोपातले युद्ध थांबून अजून वर्षही पुरे झाले नव्हते.

त्या काळाच्या इतिहासात सेनापतींपेक्षा मला या बायकांचेच कुतूहल अधिक वाटत आले आहे. त्यांच्यासाठी जी घरे ठरली ती लष्कराने जर्मनांकडून ताब्यात घेतलेली होती. मूळ मालकांना थोडक्या मुदतीत बाहेर पडावे लागे, आणि पलंग, कपाटे, पुष्कळदा भांडीकुंडीसुद्धा जागच्या जागी ठेवावी लागत. आपल्याकडे पुण्याच्या लष्करात इंग्रज मडमा राहत. त्यांच्याही दिमतीला खानसामा आणि आया असत. पण ते बंगले मुळी साहेबांसाठीच उठवलेले! इथे मात्र फडताळ उघडले की दुसऱ्या बाईने हौसेने जमवलेल्या बशा समोर, आणि ती बाई त्याच गावात कुठे तरी नातलगांच्या एका खोलीत. अशा स्वयंपाकघरात पहिला घास कसा उतरला असेल, हे मला कोणत्याच लष्करी अहवालात सापडलेले नाही.

घरात उबेला कोळसा होता, कामाला जर्मन मोलकरीण होती. सुरुवातीला तिचा पगारही जर्मनांवर टाकलेल्या ताब्याच्या खर्चातून निघे. १९४७ साली एका लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नीने 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट'मध्ये लेख लिहून, आपण जर्मनीत किती सुखात राहतो हे मायदेशीच्या वाचकांना मोकळेपणाने सांगून टाकले. बाहेर काय होते? १९४६ च्या वसंतात अमेरिकन विभागातल्या सामान्य जर्मन माणसाचा रोजचा शिधा १३०० उष्मांकांच्याही खाली आला होता. त्यामागून आलेला हिवाळा तर हाडे गोठवणारा. अशा वेळी शिकल्यासवरल्या बायकाही अमेरिकनांकडे धुणीभांडी करायला तयार होत. पगारासाठी नव्हे, तर तापलेल्या चुलीसाठी आणि पोटभर जेवणासाठी. नोटेला किंमत राहिली नव्हती, सिगारेटींवर व्यवहार चाले. २० जून १९४८ ला नवा मार्क आला आणि सिगारेटींचे हे राज्य संपले.

या दोन बायका एकाच चुलीपाशी उभ्या राहिल्या. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती, आणि दोघींच्या घरची माणसे कालपरवापर्यंत एकमेकांवर गोळ्या झाडत होती. तह कागदावर होतात. पण खरकट्या कपात उरलेल्या खऱ्या कॉफीचे काय करायचे, तो चोथा मोलकरणीने घरी न्यावा की नाही, असले प्रश्न या दोघींनीच सोडवले.

चारच दिवसांनी, २४ जून १९४८ ला रशियनांनी पश्चिम बर्लिनच्या वाटा अडवल्या. बायकामुलांना आधी बाहेर काढा, असा सूर वॉशिंग्टनमध्ये पूर्वीपासूनच होता. जनरल क्लेने त्याला विरोध केला. ही कुटुंबे हलली की बर्लिनकरांचा धीर सुटेल, असा त्याचा हिशेब. टेम्पेलहोफवर पिठाची आणि कोळशाची विमाने उतरत राहिली, आणि १२ मे १९४९ ला वेढा उठेपर्यंत शेकडो अमेरिकन गृहिणी तिथेच संसार करत होत्या. हिशेब अचूक होता, पण त्यात पणाला लावलेली पोरे कुणाची होती, हे विसरून चालणार नाही.

पुढे लष्कराने स्वतंत्र वसाहती बांधल्या. हायडेलबर्गला 'मार्क ट्वेन व्हिलेज' आणि 'पॅट्रिक हेन्री व्हिलेज' उभी राहिली. आत अमेरिकन शाळा आणि पीएक्स नावाचे लष्करी दुकान, आपल्या कॅन्टीनसारखे. ज्यांना तिथे जागा मिळत नसे त्यांची खरी परीक्षा. छावणीबाहेर भाड्याने राहण्याला त्यांच्या बोलीत 'इकॉनॉमीवर राहणे' म्हणत. जर्मन बिऱ्हाडात कित्येकदा ओटा नसे, दिवेसुद्धा आधीचा भाडेकरू काढून नेई. घरून आणलेली यंत्रे ११० व्होल्टची, इथली वीज २२०. म्हणून धोंड्यासारखा जड ट्रान्सफॉर्मर घ्यायचा. तो घेऊनही विजेचे घड्याळ तासाला दहा मिनिटे मागे पडे, कारण तिकडच्या विजेची आवर्तने सेकंदाला ६०, इकडची ५०. १९५६ च्या कायद्याने दुकाने शनिवारी दुपारी दोनला बंद होऊ लागली. रविवारी खिळा ठोकला तर शेजारीण दारात हजर! श्टुटगार्टकडे 'केरवोखे' असते. ज्या बिऱ्हाडाच्या दारावर पाटी लटकेल त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा. या शब्दात आपला केर डोकावतो तो केवळ योगायोगाने. पण ती पाटी पाहून गोंधळलेल्या टेक्ससच्या सुनेला मराठी सासुरवाशीण लगेच ओळखील.

आणि डॉलरचे पाहा. १९४९ च्या सप्टेंबरात एका डॉलरला ४.२० मार्क मिळत. १९७८ साली दोनही मिळेनात. जिच्या आधीच्या पिढीने मोलकरणी ठेवल्या ती शिपायाची बायको आता जर्मन घरमालकिणीच्या माळ्यावर पैसे मोजून राहू लागली. त्याआधी १९६० च्या नोव्हेंबरात आयझेनहॉवरने डॉलर वाचवण्यासाठी परदेशातली लष्करी कुटुंबीयांची संख्या ४ लाख ८४ हजारांवरून २ लाखांवर आणण्याचा हुकूम काढला होता. केनेडीने तो १९६१ च्या फेब्रुवारीत मागे घेतला. नवऱ्यांचा जीव तिकडे रमेना, हे त्यातले एक कारण.

२०१३ पर्यंत अमेरिकन सैन्य हायडेलबर्ग सोडून गेले. २०१५ साली पॅट्रिक हेन्री व्हिलेजच्या रिकाम्या इमारतींत जर्मन सरकारने निर्वासितांची सोय केली. त्या खोल्यांत पुन्हा परक्या बायका उतरल्या, या वेळी सीरियातून आणि अफगाणिस्तानातून आलेल्या.