मद्यपाश आणि कुटुंबाचा आधार

मद्यपाश हा मद्याच्या सततच्या सेवनातून जडणारा, दीर्घकाळ चालणारा आणि पुन्हा उलटण्याची शक्यता असलेला आजार आहे. पिण्यावरील ताबा सुटणे, पूर्वीइतकाच परिणाम होण्यासाठी अधिक मद्य लागणे, मद्य न मिळाल्यास शारीरिक त्रास होणे आणि नुकसान दिसत असूनही पिणे चालू राहणे ही त्याची प्रमुख लक्षणे होत. या आजाराची झळ रुग्णाबरोबरच कुटुंबालाही बसते. त्यामुळे उपचारांत कुटुंबीयांचा सहभाग महत्त्वाचा मानला जातो.

भारतातील मादक पदार्थांच्या सेवनाविषयी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार १० ते ७५ वर्षे वयोगटातील सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात. त्यांपैकी ५.७ कोटींहून अधिक लोकांना मद्यसेवनाच्या समस्येसाठी मदतीची गरज आहे.

आजाराचे स्वरूप

मद्यामुळे मेंदूतील सुखसंवेदनेशी संबंधित डोपामिन या रसायनाचे कार्य बदलते. कालांतराने मद्याशिवाय स्वस्थ वाटेनासे होते आणि निर्णयक्षमता दुबळी होते. आनुवंशिकता, मानसिक आजार, कमी वयात लागलेली सवय आणि भोवतालचे वातावरण यांचाही त्यात वाटा असतो. म्हणून केवळ शपथा घालून किंवा अपमान करून हा आजार बरा होत नाही.

उपचार

दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्या व्यक्तीने मद्य अचानक थांबवल्यास साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरणे, घाम येणे, निद्रानाश अशी लक्षणे सुरू होतात. काहींना फिट येतात; दोन-तीन दिवसांत भ्रम व भास होऊन जिवालाही धोका संभवतो. त्यामुळे रुग्णाला घरात कोंडून दारू सोडवण्याचा प्रयत्न घातक ठरू शकतो. हा टप्पा वैद्यकीय देखरेखीखाली पार पाडला जातो. त्यानंतर समुपदेशन, गटोपचार आणि गरजेनुसार नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट यांसारखी औषधे दिली जातात.

डायसल्फिराम हे औषध घेतलेले असताना मद्य प्यायल्यास उलट्या होणे, छातीत धडधडणे, रक्तदाब उतरणे असा तीव्र त्रास होतो. ते रुग्णाच्या नकळत जेवणात मिसळणे धोक्याचे आहे. रुग्णाची संमती व डॉक्टरांचा सल्ला आवश्यक असतो.

कुटुंबाची भूमिका

कार्यालयात ताप असल्याचे खोटे कळवणे, उधारी फेडणे, नातेवाइकांपासून प्रकार लपवणे ही कृत्ये प्रेमापोटी व लोकलज्जेपोटी घडतात. मात्र व्यसनाचे परिणाम रुग्णापर्यंत पोहोचत नाहीत आणि उपचार लांबतात. आजारी माणसाला आधार देणे आणि त्याच्या व्यसनाला पाठीशी घालणे यांत म्हणूनच फरक केला जातो. रुग्ण शुद्धीत असताना, दोषारोप टाळून, घडलेल्या प्रसंगांविषयी बोलणे. पैशांबाबत स्पष्ट मर्यादा घालून त्या पाळणे. उपचारांसाठी सोबत जाणे हे आधाराचे मार्ग होत.

मारहाण होत असल्यास पत्नी व मुलांच्या सुरक्षिततेला प्राधान्य दिले जाते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ यानुसार पीडित स्त्रीला संरक्षण मागता येते.

आजार उलटणे

काही महिने व्यसनमुक्त राहिलेली व्यक्ती लग्नसमारंभ, पगाराचा दिवस, जुने मित्र किंवा घरातील भांडण अशा निमित्ताने पुन्हा पिऊ शकते. याचा अर्थ आधीचे उपचार वाया गेले असा होत नाही. मात्र उपचारांकडे लवकर परतणे आवश्यक असते. सतत संशय घेणे, रोज श्वासाचा वास तपासणे यांमुळे घरातील ताण वाढतो. विश्वास परत येण्यास रुग्णाप्रमाणेच कुटुंबालाही वेळ लागतो.

मदत करणाऱ्या संस्था

पुण्यात डॉ. अनिता (सुनंदा) अवचट व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पु. ल. देशपांडे व सुनीता देशपांडे यांचे त्यास आर्थिक साहाय्य लाभले. रुग्णांच्या पत्नींसाठी तेथे ‘सहचरी’ हा आधारगट चालतो. १९३५ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेत मद्यपाशी व्यक्ती परस्परांना साहाय्य करतात. त्यांच्या कुटुंबीयांसाठी १९५१ मध्ये अल-ॲनॉन ही स्वतंत्र संघटना निर्माण झाली. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे.

मराठी साहित्यात

राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ (प्रथम प्रयोग १९१९) या नाटकात सुधाकर या बुद्धिमान वकिलाचे मद्यामुळे झालेले पतन आणि त्याची पत्नी सिंधू हिने सोसलेली दुःखे रेखाटली आहेत. सुधाकर एकदा दारू सोडण्याचा निश्चय करतो, परंतु समाजाकडून अवहेलना वाट्याला येताच पुन्हा तिच्याकडे वळतो.